पश्चिमेचा पडदा

“रोपांना घाम फुटला होता, म्हणून जरा उघडी केली,” माझा नवरा म्हणाला.

मी चुलीपुढे बसले होते आणि दोन्ही हातांवर पुरणपोळी होती. आमच्या खानदेशातली पोळी हातांवर खेळवत खेळवत मोठी करायची असते आणि उलट्या घातलेल्या खापरावर टाकायची असते. मध्येच ती खाली ठेवता येत नाही. त्यामुळे ती खापरावर पडेपर्यंत मला गप्प बसणं भाग होतं आणि तेवढ्यात मधुकर आपली सगळी हुशारी सांगून मोकळा झाला.

“बोगद्याचं प्लास्टिक पार वर गुंडाळलं. आतून नुसते थेंब ओघळत होते गं. जीव गुदमरत असेल त्यांचा. आणि पश्चिमेचा हिरवा पडदा काढून आत्याबाईंच्या झोक्यावर बांधला. त्यांना सावली हवी होती. काळजी करू नकोस, पिशव्यांना भरपूर पाणी दिलंय.”

“कधी केलंत हे?”

“सकाळीच. तू पुरण वाटत होतीस तेव्हा.”

पोळी करपली. माझ्या हातून करपलेली ती आयुष्यातली एकमेव पोळी, असं मी अजूनही सांगते आणि घरातले सगळे तोंड फिरवून हसतात.

या गोष्टीला वीसेक वर्षं झाली. आता आमच्या नर्सरीतून केळीची रोपं तापीच्या दोन्ही काठांवर जातात, पण तेव्हा आमच्या गावात प्रयोगशाळेतल्या बाटलीत वाढवलेलं रोप कुणी पाहिलंसुद्धा नव्हतं. केळी म्हणजे जुन्या बागेतला कंद खणायचा, तो तासायचा आणि मृगाच्या सुमाराला लावायचा, एवढंच लोकांना ठाऊक. मी शेतकी कॉलेजात शिकून आलेली सून. लग्नानंतर दोन वर्षं सासऱ्यांच्या मागे लागले होते, की एकदा ही रोपं लावून बघा, सगळी बाग एकाच वेळी घडावर येते. सासरे म्हणजे आप्पा, पुंडलिक चौधरी, गावात शब्दाला वजन असलेला माणूस. दोन वर्षं ते ‘बघू’ म्हणाले. तिसऱ्या वर्षी त्यांनी विहिरीवरचं सगळं शेत नांगरून ठेवलं, जुन्या बागेतला एकही कंद राखला नाही आणि पारावर बसून सांगून टाकलं, की यंदा माझ्या शेतात सूनबाईची रोपं लागणार. लोक मागून मला ‘बाटलीवाली’ म्हणत. मला त्याचं काही वाटत नसे. उलट वाटायचं, म्हणू देत, घड लागले की विचारायला येतीलच.

ती रोपं गावाबाहेर विहिरीजवळच्या शेडमध्ये होती. वर हिरवी जाळी, चारी बाजूंना पडदे आणि आत बांबूच्या कमानींवर प्लास्टिकचा बुटका बोगदा. बाटलीतून निघालेल्या रोपाला थोडं थोडं करून बाहेरच्या हवेची सवय लावायची असते. त्याच कामापायी मी त्या आखाजीला माहेरी गेले नव्हते. आखाजी म्हणजे अक्षय तृतीया. आमच्याकडे त्या दिवशी सासरी असलेल्या सगळ्या लेकी माहेरी येतात, कडुलिंबाला झोके बांधतात आणि मनसोक्त गातात. भुसावळला माझी आई वाट पाहत होती. मी निरोप पाठवला, की यंदा माझी पोरं लहान आहेत, येता यायचं नाही. खरी पोरं अजून व्हायची होती.

हात तसेच पदराला पुसले आणि मी शेडकडे पळाले. मधुकर मागून येत होता. उन्हानं रस्त्यावरची धूळ पांढरी पडली होती आणि पश्चिमेकडून झळांचा वारा सुटला होता.

शेडच्या खांबाला मी दोन थर्मामीटर टांगले होते. एक साधा, दुसऱ्याच्या टोकाला ओल्या चिंधीची वात गुंडाळलेली. हवेत ओल असली की दोघांचे आकडे जवळजवळ असतात. हवा कोरडी असली की ओल्या वातीतलं पाणी भराभर उडतं, तो थर्मामीटर गार पडतो आणि दोघांत फारकत होते. मी शेडमध्ये शिरले तेव्हा दोघं नवराबायकोचं भांडण झाल्यासारखे लांब गेले होते. आणि खाली, ओळीच्या ओळी, माझी रोपं माना टाकून बसली होती. पानं मधल्या शिरेवर मिटून खाली लोंबत होती. मला रडू आलं आणि रागही आला, दोन्ही एकदमच.

मधुकरनं खाली बसून एका पिशवीत बोट घातलं. “बघ, माती चिखल झालीय. एवढं पाणी असून यांना झालं तरी काय?”

“पाणी मुळाशी आहे. हवेत कुठाय?”

“हवेत पाणी कशाला लागतं?”

“अहो, पानाला बारीक तोंडं असतात. त्यातूनच ते हवा घेतं आणि अन्न तयार करतं. पण तोंड उघडलं, की आतलं पाणीही बाहेर जातं. हवा तापलेली आणि कोरडी असली की ती पानातून पाणी ओढून घेते. मोठं झाड मग तोंडं मिटून घेतं. त्या वेळी त्याचं अन्न बनत नाही, उपाशी राहतं, पण जगतं. ही बाटलीत ओलाव्यात वाढलेली. यांना अजून तोंड मिटताच येत नाही नीट. आणि मुळं म्हणाल तर दोऱ्याएवढी. ती किती पाणी वर पाठवणार?”

“म्हणजे तो घाम नव्हता?”

“ते त्यांचं पांघरूण होतं.”

मधुकरचा चेहरा पडला. माणूस मुळात मायाळू. सकाळी वाकून बघितलं असेल, थेंब दिसले असतील आणि याला पाझर फुटला असेल. त्याला बोलण्यात काही अर्थ नव्हता. बोगद्याचं प्लास्टिक आम्ही दोघांनी खाली ओढलं, पण मी लगेच पुन्हा अर्धं वर केलं, कारण पश्चिम उघडी. थोड्या वेळात ऊन तिरपं होऊन थेट आत आलं असतं आणि बंद प्लास्टिकखाली रोपं शिजली असती. धुकं सोडणारे फवारे होते, पण वीज सकाळपासून गेलेली.

“पडदा आणा,” मी म्हणाले. “आधी पडदा. बाकीचं मग बघू.”

“आज?” मधुकर म्हणाला. “आत्याबाईंच्या डोक्यावरून काढून?”

तेव्हा कुठे मला कळलं, की आपण कशात सापडलोय. आखाजीला लेकीला द्यायचं असतं. साडी द्यायची, आंबे द्यायचे, ती मागेल ते द्यायचं. दिलेलं त्याच दिवशी परत घेतलं, असं आमच्या गावात कुणी ऐकलं नव्हतं. आणि आत्याबाई साध्यासुध्या माहेरवाशीण नव्हत्या. चिंधूआत्या आप्पांची थोरली बहीण. पाठीवरची तीन भावंडं गेली, त्यानंतर आप्पा जगले, ते त्यांच्याच कडेवर. जिभेनं तिखट आणि चालीनं ताठ. कितीएक वर्षांनी त्या वर्षी त्या आखाजीला आल्या होत्या. आल्या दिवशीच मला म्हणाल्या होत्या, “बाटलीतली रोपं माझ्या भाऊच्या शेतात? नांगरलेली जमीन हसंल वं, माय.”

मधुकर घरी आप्पांकडे गेला. मीही पाठोपाठ गेले. ओट्यावर आप्पा पितरांच्या घागरीपुढे बसले होते. कुंभाराकडची नवी घागर, पाण्यानं भरलेली, तोंडावर खरबूज आणि दोन सांजोऱ्या. नैवेद्य झाला होता. मधुकरनं सगळं सांगितलं. आप्पांनी एकदा नांगरलेल्या शेताच्या दिशेला बघितलं.

“किती रोपं जातील?” त्यांनी मला विचारलं.

“पडदा आला नाही तर ऊन उतरेपर्यंत सगळी.”

“जाऊ दे मग.”

“आप्पा!” मधुकर म्हणाला. “कंद एक नाही आपल्याकडे. शेत पडीक राहील. गाव हसेल.”

“हसू दे.” आप्पांचा आवाज मुळातच मोठा; तो आता अख्ख्या आळीत ऐकू गेला असेल. “शेत एक साल पडीक राहिलं तर मी मरत नही. पण आखाजीच्या दिवशी ताईच्या डोक्यावरचं कापड मी काढणार नही आणि माझ्या घरातलं कोणी तिले मागणारही नही. समजलं?”

समजलं होतं. माझ्यावर विश्वास ठेवून ज्या माणसानं सगळ्या गावासमोर शब्द दिला, तोच आता तो शब्द बहिणीसाठी मोडायला तयार होता आणि मला दोष द्यायलाही तयार नव्हता. दोष दिला असता तर मला सोपं गेलं असतं.

मी खाली मान घातली, तेव्हा माझं लक्ष घागरीकडे गेलं. घागर बाहेरून ओली झाली होती. मातीतून पाणी पाझरत होतं, वारा ते उडवत होता आणि तिच्याजवळ बसलेल्या आप्पांच्या गुडघ्यालाही गारवा लागत असणार. आपण उन्हाळाभर हेच तर करतो. माठाला ओलं फडकं गुंडाळतो. एवढा साधा उपाय. फक्त मला माठाएवढं फडकं पुरणार नव्हतं.

मी उठले आणि आळीतल्या लिंबाकडे निघाले.

लिंबाखाली दहाबारा माहेरवाशिणी होत्या. वर माझा हिरवा पडदा चार दोऱ्यांनी ताणून बांधलेला, त्याचं एक टोक खाली लोंबत होतं. वाऱ्यानं गाठ सुटली असावी. झोका रिकामा होता. आत्याबाई खोडाला लागून त्या लोंबत्या टोकाजवळ उभ्या होत्या.

“या सूनबाई,” त्या म्हणाल्या. “पोळ्या झाल्या?”

“एक करपली.”

“मग बाकीच्या सोडून इकडे कायले आली?”

मी तोंडात आलेलं गिळलं. मागायचं नव्हतं. “आमंत्रण द्यायला आले, आत्याबाई.”

“कसलं वं?”

“झोका माझ्या मळ्यात बांधायचा. विहिरीवरच्या चिंचेला. तिची फांदी इथल्यापेक्षा उंच आहे, शेडच्या अगदी पश्चिमेला येते. या पोरी आल्या, तुम्ही आलात, आणि मी एकटीच तिकडे रोपं राखत बसायची? मी माहेरी गेले नाही, तर माहेरच माझ्याकडे येऊ दे की. झोका, पडदा, सगळी वरात घेऊनच चला.”

एक पोरगी म्हणाली, “एवढ्या उन्हात गावाबाहेर?”

“तिथं गार करून देते,” मी म्हणाले. “पैज लावते. पण त्यासाठी प्रत्येकीनं एक साडी आणायची. जुनी चालेल.”

आत्याबाईंनी डोळे बारीक केले. “गार कसं करणार? पंखा लावणार की काय?”

“ओट्यावरची घागर बघितलीत? वारा लागतो तशी ती गार होते ना?”

“व्हय.”

“आणि पावसाळ्यात?”

“पावसाळ्यात कुठली गार? ओलसर हवेत माठाचं पाणी निवत नही.”

“कारण तेव्हा हवेचं पोट भरलेलं असतं, ती घागरीतलं पाणी ओढत नाही. आज हवा उपाशी आहे. जे दिसेल त्यातलं पाणी पितेय. माझ्या रोपांतलंही. तिला आपण वाटेतच ओल्या साड्या दाखवू. तिथं ती पोटभर पिईल, गार होईल आणि मग आत जाईल. आपल्यालाही गार आणि रोपांनाही.”

माझं मागणं न मागता आत्याबाईंना पुरतं समजलं होतं, हे मला त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यावरून कळत होतं. आता त्या फटकारणार, असं मला वाटलं. त्या खोडापासून बाजूला झाल्या आणि टाळी वाजवून म्हणाल्या, “पोरींनो, ऐकता काय? झोका सोडा. भाऊच्या मळ्यात जायचं!”

असली वरात गावानं त्याआधी पाहिली नव्हती. पुढे दोघी झोक्याची फळी घेऊन, मागे चौघी हिरवा पडदा डोक्यावर धरून, त्याच्या सावलीत बाकीच्या, आणि गाणं चालूच. पारावरची माणसं उठून उभी राहिली. मधुकर आणि त्याचा एक चुलतभाऊ दोर घेऊन धावले. पडदा आपल्या जागी, शेडच्या पश्चिमेला चढला आणि त्याच्या बाहेर चिंचेला झोका लागला, म्हणजे रोपांना पडद्याची सावली आणि झोक्याला चिंचेची.

मग साड्या. विहिरीच्या हौदात बुडवायच्या आणि पडद्याच्या आतून, बांबूवर, ओळीनं टाकायच्या. पण पोरी घुटमळल्या. जुन्या साड्या सासरी. इथं अंगावरची आणि भावानं दिलेली नवी, एवढंच. नवी साडी अजून घडीही न मोडलेली. हौदाच्या गढूळ पाण्यात ती कोण बुडवणार?

आत्याबाईंनी आपली पिशवी उघडली. आप्पांनी त्या सकाळीच दिलेली साडी होती. जांभळी, काठाला पिवळी पट्टी. सगळ्यांदेखत त्यांनी तिची घडी मोडली, हौदात बुडवली, स्वतःच्या हातांनी बांबूवर पसरली आणि वळून पोरींना म्हणाल्या, “रंग गेला तर जाईल. नेसायला मी काय नवरी हाये?”

त्यानंतर कुणाला सांगावं लागलं नाही. लाल, मोरपंखी, आंबा रंगाच्या, एकीची तर जरीची. वारा झळा घेऊन यायचा, पडद्यातून गाळला जायचा, साड्यांवर आपटायचा आणि आत ओलसर, मऊ होऊन उतरायचा. साड्या वाळत चालल्या की पोरी कळशीनं पाणी मारायच्या. पाणी मारता मारता एकमेकींनाही भिजवायच्या. मी प्लास्टिक खाली घेतलं आणि बोगद्याच्या तोंडाशी बसून राहिले.

थर्मामीटरातलं अंतर हळूहळू कमी झालं. रोपांना मात्र घाई नव्हती. मला उगाचच वाटलं, उशीर झाला. मधुकर दोनदा येऊन बघून गेला आणि दोन्ही वेळा काही न विचारता गेला, याबद्दल मी त्याची आजही आभारी आहे. मग कडेच्या एका रोपाचं कोवळं पान, पुंगळीसारखं गुंडाळलेलं, जरा सरळ झालं असं वाटलं. मी डोळे चोळले. शेजारचं वर आलं. उन्हाचा जोर ओसरायच्या आतच ओळीच्या ओळी मान वर काढत होत्या. काही गेली, सगळ्यात कडेची. पण आप्पांच्या शेताला पुरून उरतील एवढी राहिली. मी तिथंच मोठ्यानं हसले, आणि पोरींना वाटलं, मला ऊन लागलं.

संध्याकाळी आप्पा आले. रंगीबेरंगी साड्यांनी भरलेली शेड, पश्चिमेला पडदा, चिंचेला झोका, झोक्यावर त्यांची थोरली बहीण. त्यांनी आत वाकून एका रोपाच्या पानाला बोट लावलं आणि मग रागानं माझ्याकडे वळले.

“तू ताईले पडदा मागितला?”

“नही मागितला,” झोक्यावरून आत्याबाई म्हणाल्या. “तिनं आमंत्रण दिलं. मी आली. माझी सावली मी माझ्यासंगं आणली. तुझ्या बापाचं काय गेलं?”

“तुझाही बाप तोच होता, ताई,” आप्पा म्हणाले आणि डोळे पुसायला पलीकडे गेले.

त्या वर्षी मृगात विहिरीवरच्या शेतात माझीच रोपं लागली. पुढच्या वर्षी बाग एकाच वेळी घडावर आली, तेव्हा मला ‘बाटलीवाली’ म्हणणारे पहाटेपासून दारात बसले. मी त्यांना चहा दिला आणि तेच नाव माझ्या तोंडावर पुन्हा घ्यायला लावलं. पण ते सगळं नंतरचं.

त्या संध्याकाळी पोरी आपापल्या साड्या पिळून घरी गेल्या. आत्याबाईंची तेवढी बांबूवर राहिली. जांभळा रंग उतरून तिची पिवळी पट्टी डागाळली होती. मी ती काढायला गेले.

“राहू दे,” त्या म्हणाल्या. “रात्रीपण वारा कोरडाच राहील. इकडे ये.”

मी झोक्याजवळ गेले.

“दुपारी लिंबाखाली पडद्याचं एक टोक सुटलेलं होतं. दिसलं होतं तुले?”

“हो. वाऱ्यानं सुटलं असेल.”

“मी सोडलेलं. भाऊचा आवाज लहानपणापासून मोठा. त्याचं सगळं बोलणं लिंबापर्यंत ऐकू आलं. एक गाठ सोडली आणि मग हात थांबला. मी परत दिला असता, तर लोक म्हणाले असते, रोपांपायी बहिणीची सावली काढून घेतली. भाऊनं जन्मभर मान वर केली नसती. नही दिला, तर त्याचं शेत जातं. दोरी हातात धरून उभी होती, मले काहीच सुचत नव्हतं. आणि तू येताना दिसली.”

“मी मागितला असता तर?”

“तर दिला असता. लगेच. पण पुन्हा आखाजीला आली नसती वं, पोरी. आपण आलो तर घरच्यांना जड होते, हे एकदा कळलं की पाय निघत नही. याआधी इतकी सालं कायले आली नव्हती, असं वाटतं तुले?”

त्या झोक्यावरून उतरल्या, फळी हातानं पुसली आणि म्हणाल्या, “बस.”

“मी? मी तर इथली सून.”

“आज माहेरी न गेलेली लेक आहेस तू. बस म्हणते ना.”

मी बसले. त्या माझ्या मागे गेल्या, दोन्ही तळहात माझ्या पाठीला लावले आणि म्हाताऱ्या हाडांत कुठून आला कोण जाणे, असा जोर लावून मला ढकललं. झोका पडद्यापर्यंत गेला. परतताना पडद्यावरून उलटलेला वारा माझ्यासोबत आला आणि त्यात त्यांच्या जांभळ्या साडीचा सगळा गारवा होता.